किरळ लागलें म्हणजे काय झालें ?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)

आज आम्ही तुमच्यापुढें उभे आहोंत ते तुमच्या गोठ्याविषयीं चार गोष्टी सांगण्यासाठीं. विषय साधा आहे, पण त्यावर एखादें घर तरतें किंवा बुडतें. दावणीचें जनावर हें शेतकऱ्याचें चालतें भांडवल आहे. पेरणीच्या तोंडावर बैल गेला तर पाभर बांधावर पडून राहते. दुभती गाय गेली तर डेरीचा पैसा बंद होतो आणि पोराच्या हातांतला दुधाचा पेलाही जातो. हें दुःख एकट्या कुणब्याचें आहे असें सुतार, लोहार, चांभार, मातंग, कुंभार बंधूंनीं समजूं नये. बलुत्याची चाल मोडली तरी शेतकऱ्याच्या गांठीं पैसा असेल तरच तुमच्या कामाला गिऱ्हाईक आहे. शिवाय तुमच्यापैकीं पुष्कळांच्या दारीं शेळी आहे. शेळी ही गरिबाची गाय, आणि तीही या विषानें मरते.

विष म्हणतांच तुमच्या डोळ्यांपुढें साप येईल, नाहीं तर भाऊबंदकीतला कोणी दावेदार येईल. पण ज्या विषाविषयीं आम्ही बोलणार आहोंत तें तुम्हीच पेरतां, तुम्हीच राखतां, आणि ज्या झाडांत तें असतें त्याचीच भाकर तुम्ही खातां. तें विष ज्वारींत आहे.

दचकूं नका. ज्वारीनें आपल्याला पिढ्यान् पिढ्या जगविलें आहे. कणीस माणसाला आणि कडबा गुराला, असा तिचा दुहेरी उपकार. तिची निंदा करावयास आम्ही आलों नाहीं. पक्क्या दाण्यांत हें विष नसतें, आणि नीट वाळलेल्या कडब्यांत त्याचें भय राहत नाहीं. विष आहे तें ज्वारीच्या बाळपणांत. तिच्या कोवळ्या पानांत, कोंबांत आणि कापल्यावर येणाऱ्या फुटव्यांत. कोंबाला आपल्या जुन्या भाषेंत किरळ म्हणतात. जनावर असा कोंब खाऊन पडलें म्हणजे 'किरळ लागलें' असें म्हणणारीं म्हातारीं माणसें अजून खेड्यांत भेटतात. त्यांनीं रोगाचें नांव अगदीं बरोबर ठेवलें होतें. आपण मात्र नांव विसरलों आणि भलत्याच गोष्टीच्या मागें लागलों.

कसे लागलों तें पाहा. आषाढांत पाऊस पडतो, पेरणी होते, ज्वारी वीतभर वर येते आणि मग पाऊस दडी मारतो. पंधरा दिवस, तीन आठवडे आभाळ कोरडें. रोपें खुरटतात, पानें सुरळी करून उभीं राहतात. वैरण संपत आलेली, गुरें अर्धपोटीं. अशांत एखाद्या सांजेला बैल दावें तोडून ज्वारींत शिरतो आणि हावरेपणानें दहा-पंधरा मिनिटें चरतो. पोर त्याला हांकून आणतें, तों तो वाटेंतच धापा टाकूं लागतो. तोंडाला फेस येतो, अंग थरथरतें, पाय लटपटतात, बैल कोसळतो, चार झटके देतो आणि थंड होतो. सकाळीं औताला धडधाकट चाललेला बैल दिवेलागणीला मेलेला !

मग सारें गांव जमतें. एक म्हणतो पान लागलें. दुसरा म्हणतो नजर लागली, बैल फार देखणा होता. तिसरा म्हणतो देवीचा कोप, जत्रेला बोकड चुकला. चौथा मान हलवून म्हणतो, ही करणी आहे. आणि पांचवा कांहीं न बोलतां गांवकुसाकडे किंवा बांधाच्या पलीकडच्या शेजाऱ्याकडे नुसतें पाहतो. देवऋषी येतो, अंगारा होतो, लिंबू-नारळ-कोंबडें होतें, दक्षिणा जाते. चार दिवसांनीं दुसरा बैल त्याच शेतांत शिरतो आणि त्याच रीतीनें मरतो. इतकें झालें तरी कोणी असें विचारीत नाहीं, कीं बाबांनो, दोन्ही बैलांच्या पोटांत शेवटीं गेलें काय ? म्हण आहे कीं चोर सोडून संन्याशाला सुळी. येथें तर चोर राजरोस शेतांत उभा असतो, आणि आपण त्याला खत-पाणी घालीत असतों.

आतां हा चोर काम कसें करतो तें सांगतों. कळीचा चुना तुम्ही पाहिला आहे. कोरडा असेपर्यंत तो थंडगार असतो. पाणीही थंडच असतें. पण दोन्हीं एकत्र झालीं कीं उकळी फुटते. कोवळ्या ज्वारीच्या पानांत असाच प्रकार आहे. पानाच्या वरच्या थरांतील बारीक पेशींत एक पदार्थ साठवलेला असतो. त्याला धुरीन म्हणतात. तो साखरेला जोडलेला असतो आणि तसाच राहिला तर निरुपद्रवी. आंतल्या थरांतील पेशींत दुसरा एक पदार्थ असतो, तो धुरीनाचे तुकडे पाडतो. पान अखंड उभें आहे तोंवर या दोघांची गांठ पडत नाहीं. जनावरानें पान चावलें, ठेंचलें, कीं मधली भिंत फुटते, दोन्ही एकत्र येतात, आणि त्यांतून हायड्रोसायनिक आम्ल नांवाचें जहाल विष सुटतें. त्याला प्रुसिक आम्ल असेंही म्हणतात. सोनारकामांत व मुलाम्याच्या कारखान्यांत ज्या सायनाइडाला लोक भितात, त्याच्याच घराण्यांतलें हें विष.

हें कोणा मांत्रिकाला दिव्य दृष्टीनें दिसलेलें नाहीं. वायंडम डन्स्टन व टॉमस हेन्री या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनीं ज्वारीच्या कोवळ्या रोपांतून हा पदार्थ वेगळा काढून दाखविला आणि १९०२ सालीं त्याचा वृत्तांत छापला. अरबी भाषेंत ज्वारीला धुर्रा म्हणतात, त्यावरून त्याला धुरीन हें नांव पडलें. म्हणजे ही गोष्ट शास्त्राला ठाऊक होऊन शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. ती आपल्या गोठ्यापर्यंत पोंचली नाहीं, कारण शास्त्र इंग्रजींत छापलें गेलें आणि आपल्या घरीं पुस्तकाऐवजीं पंचांग उघडलें गेलें.

कोणी विचारील, झाडानें आपल्या पोटांत विष ठेवावें कशाला ? त्याचें उत्तर सरळ आहे. गाईला शिंगें आहेत, कुत्र्याला दांत आहेत, झाडाला पळतां येत नाहीं. कोवळेपणीं किडे त्याला फस्त करतील, म्हणून त्यानें हें राखण ठेवलें आहे. रोप मोठें झालें कीं हें राखण कमी होत जातें. यांत कोणाचा राग नाहीं, लोभ नाहीं, शाप नाहीं.

पोटांत सुटलेलें विष रक्तांत जातें आणि रक्ताबरोबर अंगभर फिरतें. आपण श्वास घेतों तेव्हां हवेंतला प्राणवायु रक्तांत जातो, आणि शरीरांतील प्रत्येक पेशी तो वापरून आपली चूल पेटती ठेवते. ही चूल चालविणाऱ्या पदार्थांत लोखंडाचा अंश असतो. विष नेमकें त्या लोखंडाला चिकटून बसतें आणि चूल विझते. रक्तांत प्राणवायु भरपूर असतो, पण पेशीला तो घेतां येत नाहीं. घरांत कणगी भरलेली आणि चुलीला दगड लागलेला, तशी ही उपासमार. म्हणून जनावर जोरजोरानें धापा टाकतें. हवा आंत जाते पण उपयोग होत नाहीं. रक्तांतला प्राणवायु खर्चच होत नसल्यामुळें अशा जनावराचें रक्त नेहमींपेक्षां लालभडक दिसतें. तोंडाचा व डोळ्यांच्या आंतला भागही आरंभीं तसाच लाल असतो. ही खूण लक्षांत ठेवा, पुढें कामाला येईल.

गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी हीं रवंथ करणारीं जनावरें आहेत. त्यांच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे मोठा रांजणच. त्यांत असंख्य सूक्ष्म जंतु चारा कुजवून पचवितात. तेच जंतु धुरीनाचेही भराभर तुकडे पाडतात, म्हणून या जनावरांना हें विष लौकर भिनतें. घोड्याच्या जठरांत आम्ल असल्यानें त्याला त्यामानानें धोका कमी.

विष किती लागतें ? जनावराच्या वजनाच्या दर किलोला सुमारें २ मिलिग्रॅम इतकें विष एकदम अंगांत गेलें तर मरण ओढवूं शकतें. म्हणजे ४०० किलोच्या बैलाला ८०० मिलिग्रॅम, एक ग्रॅमहून कमी. ज्या हिरव्या चाऱ्याच्या एका किलोंत २०० मिलिग्रॅम विष सुटूं शकतें तो धोक्याचा चारा समजतात. असा चारा चार किलो पोटांत गेला कीं हिशेब पुरा झाला. भुकेलेल्या बैलाला चार किलो हिरवें खायला किती वेळ लागतो तें तुम्हाला आम्ही सांगावयास नको. विष थोडें थोडें, सावकाश गेलें तर जनावराचें शरीर तें निकामी करून मूत्रावाटें बाहेर टाकूं शकतें. म्हणून एकाच शेतांत एक जनावर मरतें आणि दुसरें वांचतें. मेलें तें बहुधा भुकेलें होतें आणि वांचलें तें पोटभरलेलें होतें. यालाच लोक दैव म्हणतात !

ज्वारी केव्हां विषारी असते हें आतां नीट ऐका, कारण आजच्या भाषणांतला हा सर्वांत उपयोगाचा भाग आहे.

पहिली गोष्ट वयाची. उगवल्यापासून पहिले चाळीस-पन्नास दिवस, आणि रोप दोन फुटांच्या आंत असेपर्यंत धोका मोठा. दुसरी गोष्ट पाण्याची. पाण्याचा ताण बसून खुरटलेली ज्वारी वय झालें तरी विषारी राहते. नुसत्या उंचीवरून अंदाज करूं नका. तिसरी गोष्ट फुटव्यांची. दुष्काळानें वाळत आलेल्या ज्वारीवर एकदम पाऊस पडला कीं बुडाशीं लुसलुशीत फुटवे येतात. तसेंच कापणीनंतर उरलेल्या धसकटांना अवकाळी पावसानें किंवा पाटाच्या पाण्यानें हिरवे कोंब येतात. दिसायला तो मेवा, पण विष त्यांतच सर्वांत जास्त. गुरें रिकाम्या रानांत मोकळीं सोडण्याची आपली जुनी चाल आहे, ती येथें जीव घेते. चौथी गोष्ट खताची. युरियाचा हात सैल सोडला तर कोवळ्या ज्वारींत विष वाढतें. पांचवी गोष्ट, अर्धवट कोमेजलेला चारा. सकाळीं कापून दुपारीं मरगळलेली कोवळी ज्वारी सुरक्षित झाली असें समजूं नका. पुरती कडकडीत वाळली म्हणजेच विष उडून जातें.

उलट बाजूही सांगतों, नाहीं तर तुम्ही उद्यां ज्वारीच पेरावयाची सोडाल. फुलोऱ्यावर आलेली, पाणी नीट मिळालेली ज्वारी हिरवी घालण्यास हरकत नाहीं. वाळलेला कडबा चांगला. नीट मुरलेल्या मुरघासांतही विष पुष्कळ कमी होतें. बाजरींत हें विष नसतें. तेव्हां कोवळा हिरवा चारा हवाच असेल तर बाजरीचा या विषापुरता भरवसा अधिक.

आणि हें विष एकट्या ज्वारींत आहे असेंही नाहीं. जवसांत याच जातीचा पदार्थ आहे. म्हणून तेली बंधूंकडून आणलेली कच्ची जवसाची पेंड कोमट पाण्यांत भिजत घालून ढीगभर ओतूं नये. ज्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो, त्या तमिळनाडूंतल्या शाबूकंदांतही हेंच विष आहे. कंद किसून, धुऊन, सत्त्व काढून, भाजून तें घालवितात म्हणून तो आपण खातों. एकादशीला जें पवित्र म्हणून चालतें त्याच्या मुळाशींही विष आहे, आणि तें घालवितो तो मंत्र नव्हे. पाणी, विस्तव आणि कामकऱ्याचे हात!

आतां त्या पांचव्या माणसाकडे वळूं, जो कांहीं न बोलतां शेजाऱ्याकडे पाहतो. त्याच्या त्या पाहण्यानें गांवेंच्या गांवें फुटलीं आहेत. मेलेलें जनावर ओढण्याचें काम ज्याच्या माथीं मारलें, कातडें ज्याच्या वाट्याला दिलें, त्याच्यावरच विष घातल्याचा संशय घ्यावयाचा, ही या देशांतली जुनी रीत आहे. एकोणिसाव्या शतकांत उत्तर हिंदुस्थानांत इंग्रज अधिकाऱ्यांनींही हाच ठपका चांभार जातीवर ठेवला. कातड्यासाठीं हे लोक गुरांना सोमल घालतात असें ठरवून धरपकड झाली. त्याच काळांत बुळकांडीची सांथ गुरांचे कळप कापीत होती. तिच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळाचा अहवाल १८७१ सालीं निघाला. जनावर सांथीनें मरो, चाऱ्यानें मरो, उपासानें मरो, आळ मात्र गरिबावर. पुढें ती बुळकांडी लस टोचून हटविली आणि २०११ सालीं ती साऱ्या जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. ती गेली तेव्हां कोणत्याही जातीला गांवाबाहेर काढावें लागलें नाहीं. लशीनें काम केलें.

मुद्दाम विषप्रयोग कधीं होतच नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. गुंजेच्या बियांची पूड करून तिची टोकदार सुई बनवावयाची आणि ती जनावराच्या कातडीखालीं टोंचावयाची, हा दुष्ट प्रकार आपल्या देशांत घडत आलेला आहे आणि न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेला आहे. पण त्याच्या खुणा वेगळ्या. सुई टोंचलेल्या जागीं सूज येते, जनावर मलूल होऊन चारा सोडतें आणि मरावयास तीन-चार दिवस लागतात. सोमल घातला तर पोटांत कळा, रक्ताळ हगवण, आणि तासन्‌तास हाल. किरळाचें तसें नाहीं. खाणें आणि पडणें यांत पुष्कळदां पाव तासाचें अंतर. आणि पोट फाडलें तर आंत हिरवी ज्वारी. तेव्हां संशय घेण्यापूर्वीं गुरांच्या डॉक्टरला बोलावून शवविच्छेदन करवा. विम्याची रक्कम मागावयाची तरी तो कागद लागतोच. ज्याला डॉक्टरनें कारण लिहून दिलें त्याला देवऋष्याची आणि भांडणाची दोहोंचीही गरज उरत नाहीं.

करणी-भानामतीची गोष्ट काढणारानें आणखी एक ध्यानांत ठेवावें. महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमका मनुष्य करणी करतो, मंत्रतंत्रानें जनावराचें दूध आटवितो, असें भासवून त्याला बदनाम करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, आणि पांच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. खेड्यांत अशा आळाला बळी पडते ती बहुधा एकटी म्हातारी, विधवा, किंवा ज्याच्यामागें कोणी नाहीं असा गरीब. तुमचा बैल गेला याचें आम्हाला दुःख आहे. पण बैलापायीं एका माणसाला गांवांतून उठविलेंत तर तें पाप ज्वारीच्या माथीं मारतां येणार नाहीं.

ज्वारीशिवाय दुसऱ्याही वनस्पति आपल्या गुरांच्या वाटेंत उभ्या आहेत. त्यांतल्या दोघींचें नांव घेतल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. बांधावर शोभेला लावलेली कण्हेर; तिच्या पानांतलें विष हृदयावर घाव घालतें, थोड्याशा पानांनींही जनावर मरतें आणि छाटलेलीं वाळकीं पानेंही तितकींच वाईट. छाटलेली कण्हेर गोठ्याजवळ कधीं टाकूं नका. दुसरी घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात. ती मूळची अमेरिका खंडांतली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बागेच्या शोभेसाठीं आपल्या देशांत आणली आणि आज डोंगर-माळ व्यापून बसली आहे. तिच्या पानांतलें विष यकृत बिघडवितें. जनावराला कावीळ होते, शेण घट्ट होतें, आणि ऊन लागतांच अंगाचा पांढरा व केस विरळ असलेला भाग भाजल्यासारखा सोलतो. लोक म्हणतात देवी आली. देवी नव्हे, घाणेरी आली !

पण एक विचारा : घाणेरीचा वास आपल्याला सोसवत नाहीं, तर जनावर ती खातें कां ? पोट भरलेलें जनावर तिला सहसा तोंड लावीत नाहीं. खातें तें उपाशी जनावर, किंवा नव्या मुलखांतून विकत आणलेलें, ज्याला तिची ओळख नाहीं असें. म्हणजे विषाच्या मागें भूक उभी आहे, आणि भुकेच्या मागें गेलेलें गायरान. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकांत सरकारच्या जंगलखात्यानें चराऊ रानें आपल्याकडे घेतल्यानें कुणब्याच्या गुरांची काय दशा झाली हें मांडलें आहे. आज गायरानें आणखी आकसलीं आहेत. म्हणून गांवचें गायरान राखणें ही सुद्धां विषावरची एक तोड आहे. जें पोट गवतानें भरलें तें विषाकडे वळत नाहीं.

आतां करावयाचें काय, तें एकेक सांगतों. घरीं गेल्यावर बायामाणसांना आणि गुराख्याच्या पोरांनाही सांगा.

कोवळ्या, खुरटलेल्या किंवा फुटवे आलेल्या ज्वारीच्या शेतांत गुरें सोडूं नका, आणि त्याच्या कडेनें न्यावयाचीं झालीं तर उपाशीं नेऊं नका. आधीं कडबा किंवा वाळलें गवत घाला. विरळणी करतांना उपटलेलीं रोपें गोठ्यांत आणूं नका. हें काम बहुतेक आपल्या मायबहिणी करतात आणि जातां जातां हिरवा भारा शेळीला घालतात. त्यांना हें आवर्जून सांगा. दुष्काळानंतर पाऊस झाला तर हिरवें दिसतांच हुरळून जाऊं नका, ज्वारी वाढूं द्या. दावें जुनें झालें असेल तर बदला. दाव्याची किंमत बैलाच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं.

इतकें करूनही जनावर शिरलेंच, तर त्याला ताबडतोब बाहेर काढा, पण मारून-पळवून नव्हे. धांवण्यानें त्याची प्राणवायूची गरज वाढते. सावलींत शांत उभें करा. त्याच क्षणीं गुरांच्या डॉक्टरला फोन लावा. सरकारी फिरत्या दवाखान्यासाठीं १९६२ हा बिनपैशाचा क्रमांक आहे. फोनवर नुसतें 'बैल आजारी आहे' असें सांगूं नका. 'कोवळी ज्वारी खाल्ली, इतक्या मिनिटांपूर्वीं, धाप लागली आहे' असें सांगा, म्हणजे डॉक्टर योग्य औषध घेऊन निघेल. बाकीचीं गुरेंही त्याच शेतांत असतील तर तीं आधीं बाहेर काढा.

औषध आहे, आणि वेळेवर मिळालें तर गुणही पाहतां पाहतां येतो. डॉक्टर शिरेंतून सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट देतो. पहिलें औषध रक्तांतल्या कांहीं लोखंडाचें रूप असें पालटतें, कीं पेशींच्या लोखंडाला चिकटलेलें विष तें सोडून इकडे धांवतें. दुसरें औषध विषाला गंधक देऊन त्याचा निरुपद्रवी पदार्थ करतें, आणि तो मूत्रावाटें निघून जातो. हें दुसरें औषध म्हणजे जुने फोटोग्राफर फोटो धुवावयास वापरीत तोच 'हायपो'. पण हें ऐकून कोणी आपल्या हातानें सुई टोंचूं नये. युरिया घातलेल्या व पाण्याच्या ताणांतल्या चाऱ्यांत नायट्रेट नांवाचें दुसरेंही विष असूं शकतें. त्यांत रक्त लालभडक न होतां चॉकलेटी पडतें, आणि त्यावरचें औषध निराळें आहे. तेथें नायट्राइट टोंचणें म्हणजे मेलेल्याला आणखी मारणें. दोहोंतला फरक ओळखणें हें डॉक्टरचें काम. म्हणूनच रक्ताचा रंग लक्षांत ठेवा असें आम्हीं मघां म्हटलें.

काय करूं नये तेंही सांगतों. कान कापूं नका, शेपटी चिरूं नका, डाग देऊं नका. झटके देणाऱ्या जनावराच्या नरड्यांत बळजबरीनें कांहींही ओतूं नका. तें फुप्फुसांत जातें आणि विषानें न मेलेलें जनावर औषधानें मरतें. लिंबू उतरण्यांत पाव तास घालवूं नका. या रोगांत तो पाव तास म्हणजेच जनावराचा जीव. लक्षणें दिसल्यावर दोन तास जें जनावर टिकलें तें बहुधा वांचतें. मग देवऋषी म्हणतो, माझ्या अंगाऱ्यानें वांचलें. आणि मेलें तर म्हणतो, तुम्हीं मला उशिरां बोलावलें. अशा धंद्यांत तोटा कधींच नाहीं. तोटा असतो तो दावणीला.

बंधुभगिनींनो, आपल्या वाडवडिलांना शाळा मिळाली नाहीं, तरी त्यांनीं डोळ्यांनीं पाहून 'किरळ लागलें' हें नांव ठेवलें. त्या नांवांत रोगाचें कारणही होतें आणि उपायही होता. आज आपल्या पोरांच्या हातांत पुस्तक आहे, खिशांत फोन आहे. तरी जनावर पडलें म्हणजे आपण त्यांच्याहून मागें जाऊन कोणाची नजर लागली हें शोधीत बसलों तर ती शिकून आलेली मूढता होईल. उद्यां तुमच्या गांवांत एखादें जनावर असें पडेल, तेव्हां त्या गर्दीतला सहावा माणूस तुम्ही व्हा. पहिल्या पांचांचें ऐकून घ्या आणि मग शांतपणें एवढेंच विचारा : यानें शेवटीं खाल्लें काय ? त्या एका प्रश्नानें एखाद्याचा बैल वांचेल, आणि एखाद्या गरीब शेजाऱ्याची अब्रूही वांचेल.